आधी वळसा

उणे एकतीस. विनिपेगच्या उत्तरेकडची एक गल्ली,
रात्रीचे पावणेतीन.
हायड्रंटचं झाकण गोठलेलं,
रॉमेल त्यावर गरम पाणी ओततोय,
आणि मी मागच्या दारात, मास्क चढवलेली,
नळी खांद्यावर, आत शिरायच्या घाईत.
कॅप्टन हावरिलुक म्हणाले, थांब.
आधी वळसा.

जळत्या घराभोवती चालत गेले ते.
प्रदक्षिणा नव्हे;
घर विकत घ्यायला आलेला माणूस
ओल हुडकत, तडे मोजत फिरतो, तसे.
वर खिडक्यांत काही नव्हतं,
पडदे शहाण्यासारखे जागच्या जागी.
पण भिंतीच्या पायथ्याशी
वीतभर पट्टा बर्फाचा वितळलेला,
काळी माती उघडी, वाफाळणारी,
जानेवारीत.
"खाली आहे," ते म्हणाले,
बाळ झोपलंय म्हणावं इतक्या हळू.

मिसेस प्रोकोपचुक शेजाऱ्याच्या पायरीवर,
गाऊनवर नवऱ्याचा कोट.
खाली कुणी नाही, म्हणाल्या,
फर्नेस आहे, आणि बीटच्या बरण्या.
भाडेकरू? नाही. पाहुणा? नाही.
त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.
ती चिडली. त्यांना तेच हवं होतं.

तळघराचा जिना म्हणजे धुराडं.
त्यातून उतरणारा चुलीपाशी जात नाही,
चिमणीत शिरतो.
हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही.
स्टेशनच्या ओट्यावर बटाटे सोलताना
सुरी माझ्याकडे रोखून त्यांनी सांगितलं.
आणि नव्या तुळयांबद्दल:
भुसा आणि गोंद यांचं लग्न ते,
पहिल्या भांडणात मोडतं.
हे स्वयंपाकघर मागाहून वाढवलेलं.

मी कॅमेरा पुढे केला. बघा, जमीन थंड आहे.
पडद्यावर सगळं राखाडी, निवांत.
ते बोलले नाहीत. उंबऱ्याबाहेर गुडघा टेकून
कुऱ्हाडीचा माथा आत आपटला, हातभर अंतरावर.
एकदा. पुन्हा एकदा.
कलिंगड घेताना ज्या आवाजाला
आपण परत ठेवून देतो,
तसला आवाज.
कॅमेऱ्याला पाहुण्याइतकंच दिसतं,
अंथरलेलं तेवढं.

दार ओढून घेतलं, आगीला श्वास नको.
बाजूची तळखिडकी फोडली.
फवारा नको, सरळ धार, छताला लागू दे.
बर्फात पोटावर झोपून
मी बाहेरूनच पाणी मारत राहिले,
आणि खरं सांगते, लाज वाटत होती.
रस्त्यापलीकडे एक मुलगा फोनवर चित्रण करत होता.
त्यात मी काय दिसणार?
अंगण शिंपणारी बाई.

धूर काळा होता. मग करडा.
मग पांढरा, जड,
भिजल्या कुत्र्यासारखा बाहेर आला.

तेवढ्यात स्वयंपाकघर खाली गेलं.
फार आवाजही नाही.
फ्रिज, टेबल, पाठीवर स्वेटर टाकलेली खुर्ची,
खालून कुणी चादर ओढल्यासारखं.

पायाखालची जमीन सरकणं
हा इथे वाक्प्रचार नाही.
त्यात वजनं असतात. माझं, सिलिंडरचं,
नळीतल्या पाण्याचं,
आणि वय एकोणतीस.

रेडिओवर मोजणी झाली.
डिमाकुलांगान. आहे.
लाजिमोदियेर. आहे.
मॅगसिनो. आहे.
मॅगसिनो.
आहे, म्हटलं ना कॅप्टन.

एका जुन्या मोजणीत त्यांनी
एक नाव चार वेळा घेतलं होतं.
स्टेशनात सगळ्यांना ठाऊक आहे,
भिंतीवर त्याचा फोटो आहे, कॉफीच्या यंत्रावर.
त्याबद्दल कुणी बोलत नाही. साखर घेतो, निघतो.

सहाला शिडी लावून खाली उतरलो.
मास्क काढू नका, विझलेलीच जास्त विषारी असते.
बीटच्या बरण्या फुटून भिंत लाल झालेली;
क्षणभर सगळेच थबकलो.
एक बरणी शाबूत होती, काजळीत बुडालेली.
हातमोज्यानं पुसून मी ती वर नेली.

मिसेस प्रोकोपचुकनी ती उजेडात धरली.
हलवून पाहिली.
झाकण सैल झालंय, म्हणाल्या,
आणि थरथरत्या हातांनी
घट्ट लावत बसल्या.